साचे, गेज आणि घड्याळ

सार्वजनिक उपक्रम बंद करताना शासन नेमके काय बंद करत असते? या प्रश्नाचा विचार करताना एका मनगटी घड्याळाच्या यंत्राचा इतिहास उद्बोधक ठरतो.

क्रोनोग्राफ म्हणजे थांबघड्याळाची सोय असलेले घड्याळ. हाताने चावी देण्याच्या अभिजात क्रोनोग्राफमध्ये कळ दाबली की उभ्या खांबांचे चिमुकले चक्र एक घर पुढे सरकते. तरफांची टोके खांबांच्या मधल्या फटीत उतरतात किंवा खांबांवर चढतात आणि काटा सुटतो वा थांबतो. स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीचे 175 हे यंत्र याच जातीचे. असे चक्र घडविणे खर्चिक असल्याने स्विस कारखाने स्वस्त कॅमकडे वळले. व्हीनसचे कॅमवर चालणारे 188 हे यंत्र, ती कंपनी 1966 मध्ये व्हाल्जूमध्ये विलीन झाल्यावर, 7730 म्हणून आणि पुढे 7733 व तारीख दाखविणारे 7734 अशा आवृत्त्यांत टिकले.

175 ची यंत्रसामग्री मात्र 1961 मध्ये चीनने विकत घेतली. त्यान्जिनच्या कारखान्याने तिच्या आधारे आपल्या हवाई दलासाठी थोडी घड्याळे बनविली आणि काम थांबले. परंतु ती विद्या नष्ट झाली नाही. चार दशकांनी तेच यंत्र सी-गलचे एसटी 19 म्हणून बाजारात आले. ताशी 18,000 ऐवजी 21,600 ठोके, चंद्रकला दाखविणारी आवृत्ती, आणि आज जगभरच्या लहान कंपन्या ते विकत घेतात. यामागे फार मोठी दूरदृष्टी होती असे मी म्हणणार नाही. साचे मोडीत निघाले नाहीत, एवढेच.

त्याच 1961 साली एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळांचा कारखाना उभारला. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही चावीची घड्याळे परमुलखात नोकरी करणाऱ्या कित्येक मराठी घरांतही पोहोचली. क्वार्ट्झच्या लाटेला तोंड देण्यात हा उपक्रम मागे पडला आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तोट्यातील उपक्रम अनंतकाळ पोसणे मान्य नाही. माझा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीला आहे. बंदीच्या प्रस्तावांत जमीन, देणी आणि स्वेच्छानिवृत्तीचे रकाने असतात. रेखाचित्रे, साचे, गेज आणि ते वापरणाऱ्या हातांसाठी रकाना माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे.

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्याला हा विषय दूरचा वाटू शकत नाही. येथील गन कॅरेज फॅक्टरीत 1959 मध्ये जर्मन सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला. त्यानंतर दहा वर्षांनी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. ऑक्टोबर 2021 पासून हे दोन्ही कारखाने दोन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे आहेत. त्यांचे भवितव्य ताळेबंदावर ठरेल, आणि ते योग्यच आहे. पण ताळेबंद पूर्ण असावा.

माझी सूचना साधी आहे. कोणताही उपक्रम बंद करण्यापूर्वी त्याच्या साच्यांची, रेखाचित्रांची व कौशल्यांची नोंदवही करावी. ती सहा महिने तंत्रनिकेतने, लहान उद्योजक आणि खुद्द कामगारांच्या सहकारी संस्थांपुढे ठेवावी. कोणी पुढे आले नाही, तरच भंगाराची निविदा काढावी. भंगारात पोलाद किलोने विकले जाते. त्या पोलादातील शंभरांश मिलिमीटरची अचूकता मात्र फुकट जाते, आणि पुढे गरज पडली की तीच आपण परकीय चलन मोजून विकत घेतो.