बाईंची हॅट

‘‘काय, शिकारीला निघालात वाटतं?’’

सकाळी साडेनऊला, भर पेठेत, हातात भाजीची पिशवी असताना हा प्रश्न ज्याला ऐकावा लागला आहे, त्यालाच हॅट घालणे म्हणजे काय ते कळेल. विचारणारे गृहस्थ सज्जन. तीस वर्षांचा आमचा नमस्कार-चमत्कार. माझ्या डोक्यावर रुंद काठाची गवती हॅट होती आणि शेजारी माझी पत्नी. सुती साडी, पायांत साध्या चपला आणि डोक्यावर तशीच, पण कापडी हॅट. प्रश्न मला होता, नजर मात्र तिच्याकडे होती. पुरुषाच्या हॅटवर विनोद तरी करता येतो. बाईच्या हॅटवर काय बोलावे हेच लोकांना सुचत नाही, म्हणून ते नुसते बघतात. ते जास्त जड जाते.

आम्ही दोघे काही हौसेने हॅट घालू लागलो नाही. चार वर्षांपूर्वी तिला ल्युपस असल्याचे निदान झाले. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटते. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा लाल चट्टा उठतो, सांधे धरतात आणि कित्येक जणींच्या बाबतीत ऊन लागले की दुखणे उफाळते. कधी त्वचेपुरते, कधी आतल्या अवयवांपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, सनस्क्रीन दिले, पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवायला सांगितले आणि म्हणाल्या, ‘‘बाहेर पडताना हॅट. पुढे चोच असलेली टोपी नको. चारी बाजूंनी निदान तीन इंच काठ हवा. कान आणि मानसुद्धा झाकली पाहिजे.’’

निदान तिने धीराने ऐकले. जन्मभराच्या गोळ्याही मान्य केल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘‘अहो, बाकी सगळं करीन. ते हॅटचं मात्र जमायचं नाही.’’

आणि खरोखरच जमले नाही. पुढचे तीन-चार महिने ती सूर्य मावळल्याशिवाय घराबाहेर पडली नाही. सकाळचे फिरणे बंद झाले, ग्रंथालय बंद झाले, दुपारची भिशी बंद झाली. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेली, सहलीत मुलांच्या पुढे गड चढणारी बाई खिडकीचा पडदा ओढून बसू लागली. तिला घरात बसवले ते उन्हाने कमी आणि हॅटने जास्त, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कुणी म्हणेल, डोक्यावरून पदर घ्यावा. घेऊन पाहिला. पदर डोके झाकतो. नाक आणि गाल उघडेच राहतात, आणि दुखणे नेमके तिथेच. शिवाय पातळ कापडातून ऊन बरेचसे आत येते. मग छत्री? छत्रीला एक हात लागतो. दुसऱ्या हातात पिशवी, खांद्यावर पर्स, समोरून सुटलेली बस. पुण्यात रस्ता ओलांडून दाखवा आणि मग छत्रीचा सल्ला द्या.

मला कोडे पडले होते ते निराळेच. याच शहरात हजारो मुली दुचाकीवर बसताना डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला ओढणी गुंडाळतात. सुरुवातीला बाहेरगावचे पाहुणे दचकत, आता कुणी वळूनही पाहत नाही. जानेवारी २०१९मध्ये हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा याच पुण्याने डोके उघडे ठेवण्याच्या हक्कासाठी मोर्चा काढला. आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी फेरीवाल्याकडून हॅट घेऊन, ती घालून, मक्याचे कणीस खात फोटो काढला नाही असे कुटुंब मला दाखवा! तीच हॅट पसरणीचा घाट उतरता उतरता डोक्यावरून मांडीवर येते आणि घरी पोहोचली की माळ्यावर जाते. म्हणजे हॅटशी आपले वैर नाही. आपल्याला परवानगी लागते. सहलीची, गर्दीची, कुणाची तरी.

याची मुळे जुनी आहेत. आपल्याकडे डोके नुसते झाकण्यासाठी कधी झाकलेच गेले नाही. आजोबांच्या काळातला कुठलाही सामुदायिक फोटो पाहा, त्यात बोडके डोके सापडणार नाही. पगडी, पागोटे, फेटा, रुमाल, काळी टोपी. डोक्यावर काय आहे यावरून जात कळायची, गाव कळायचे, कधी पगारही कळायचा. पुढे गांधी टोपी आली आणि पक्ष कळू लागला. टोपी फिरवणे, टोपी घालणे, पगडी उतरवणे... भाषेनेही डोक्यावरच्या वस्तूला बेइमानी आणि अब्रू यांतच अडकवून ठेवले. उन्हाचा उल्लेख त्यात कुठेच नाही.

यात हॅट आली ती साहेबाच्या डोक्यावरून. ज्या भेंडाची आपण बाशिंगे करतो, त्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची सोला हॅट साहेब घालायचा. हिंदुस्थानचे ऊन गोऱ्या मेंदूला सोसत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती समजूत ढिली झाली आणि सोला हॅट मागे पडली. आपल्या मनातून मात्र साहेब गेला नाही. हॅट म्हणजे दौऱ्यावरचा कलेक्टर, हॅट म्हणजे जंगलखात्याचा अधिकारी.

या समजुतीचा उत्तम उपयोग एकदाच झाला, असे मला वाटते. डिसेंबर १९२८मध्ये साँडर्सच्या वधानंतर लाहोरमध्ये पोलीस एका शीख तरुणाच्या शोधात होते. भगतसिंगांनी केस-दाढी उतरवली, साहेबी पोशाख केला, डोक्यावर हॅट चढवली आणि पोलिसांच्या देखत आगगाडी गाठली. बरोबर दुर्गाभाभी आणि त्यांचा लहानगा मुलगा. नोकराच्या वेषात होता आपल्या खेडचा राजगुरू. तिघेही एकाच कामावरचे. पण हॅटवाला साहेब आणि साध्या कपड्यांतला नोकर ठरायला पोलिसांना दुसरा पुरावा लागला नाही. भगतसिंगांचे हॅटमधले जे चित्र घरोघर दिसते, ते एप्रिल १९२९मध्ये दिल्लीत काढलेल्या छायाचित्रावरून आलेले आहे. त्या हॅटला कुणी परकी म्हणत नाही.

मी हे सगळे घरी सांगितले. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘ते क्रांतिकारक होते. मला पोस्टात जायचंय.’’

मग मी माझा शेवटचा पत्ता टाकला. ज्या हॅटला जग फेडोरा म्हणते, ते नाव १८८२ सालच्या एका फ्रेंच नाटकावरून पडले. त्यातली राजकन्या फेडोरा सारा बर्नहार्टने रंगवली होती आणि त्या नावाची हॅट आधी बायकांनी उचलली. पुरुषांची मक्तेदारी नंतरची. यावर ती जरा हसली. तुर्कस्तानात १९२५ साली केमाल पाशाने फेझ टोपीवर बंदी घालून पुरुषांना कायद्याने हॅट घालायला लावली, हेही मी सांगितले. ‘‘म्हणजे तिथे न घालण्याची पंचाईत,’’ ती म्हणाली. शिक्षिकेला काय सांगणार?

शेवटी इतिहासाने काम केले नाही. मी स्वतःसाठी एक हॅट आणली, तेव्हा काम झाले. एक माणूस विचित्र दिसतो. दोघे दिसले की लोक म्हणतात, काहीतरी कारण असेल.

पहिले दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. ती हॅट कपाळावर इतकी खाली ओढायची की समोरचा दगड दिसू नये. ओळखीचे कुणी दिसले की काढून पिशवीत कोंबायची, म्हणजे ऐन उन्हात उघडी. आणि सर्वांत वाईट म्हणजे खुलासा. ‘‘डॉक्टरांनी सांगितलंय हो...’’ एकदा खुलासा केला की समोरचा आजाराची चौकशी करतो, मग आपल्या मेव्हणीचा आजार सांगतो, आणि आपण भर उन्हात वीस मिनिटे उभे! खुलासा बंद केला, त्या दिवसापासून निम्मे ओझे उतरले. ‘‘ऊन फार आहे’’ एवढे उत्तर पुरते. ते खरेही असते.

बाकीचे निम्मे ओझे मापाचे होते. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पहिली हॅट बाजारातून अंदाजाने आणलेली, घट्ट. तासाभरात कपाळावर वळ उठायचा. दुसरी सैल, वाऱ्याने दोनदा उडाली. ज्याची हॅट रस्त्यात उडते त्याचा आत्मविश्वास तिच्या मागोमाग धावतो. शिंप्याची टेप घेऊन भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजावा आणि त्या मापाची घ्यावी. बायकांच्या बाबतीत अंबाडा आडवा येतो. मागचा काठ अंबाड्यावर टेकतो आणि हॅट पुढे कलंडते. कपाट उघडून, आरशासमोर उभे राहून, तिने चाळीस वर्षांचा अंबाडा सोडला आणि मानेवर सैल वेणी घातली. मला वाटते, निर्णय त्या क्षणी झाला. हॅट नंतर आली. गवती हॅट असेल तर वरच्या चिमटीला धरून उचलू नये, तिथे तडकते. काठाला धरावे. घरी आल्यावर उलटी ठेवावी, काठ वाकत नाही.

एके दिवशी लक्ष्मी रस्त्यावर एका तरुणीने स्कूटर थांबवली, तोंडाची ओढणी सोडली आणि ओरडली, ‘‘बाई! तुम्हीच ना? काय मस्त दिसताय!’’ जुनी विद्यार्थिनी. मस्त वगैरे काही नव्हते, हॅट जरा चुरगळलेलीच होती. पण हॅट न काढता ती तिच्याशी बोलत उभी राहिली, हे मी पाहिले. त्यानंतर ग्रंथालय पुन्हा सुरू झाले. शिकारीचा प्रश्न विचारणारे गृहस्थ हल्ली पाऊस-पाण्याचे विचारतात.

हे सारे लिहिताना एक गोष्ट बोचते. आम्हाला ऊन टाळण्याची सोय आहे, सावली आहे, निवड आहे. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाईच्या डोक्यावर टॉवेलची घडी असते. कोकणात भाताच्या लावणीला वाकलेल्या बाईने साहेबाच्या किती तरी आधी बांबू-पानांचे इरले डोक्यावर घेतले होते. पण ते पावसासाठी, आणि शेतापुरते.

आमच्या भाजीवाल्या मावशी सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत उघड्यावर बसतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी विचारले, ‘‘बाई, ही कुठं मिळती?’’ पत्नीने दुसऱ्या दिवशी तिची जुनी कापडी हॅट नेऊन दिली. मावशींनी दोन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पदर.

‘‘का हो मावशी?’’

‘‘गिऱ्हाईक हसतंय, बाई. भाव करायचा सोडून टोपीकडंच बघतंय.’’

हॅट आता कोथिंबिरीच्या टोपलीमागे असते. बारा वाजून गेले आणि गिऱ्हाईक तुरळक झाले की मावशी ती काढून डोक्यावर ठेवतात.