"तिथे आहे काय बघायला?"

"लाँग वीकएण्डला कुठे?" असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी खरं ते सांगतो, "आरव्ही घेऊन स्टेट पार्कला." समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच सहानुभूती दाटून येते. पुढचा प्रश्न ठरलेला, "तिथे आहे काय बघायला?" आणि त्यानंतरचा, जरा आवाज खाली आणून, "ते संडासाचं वगैरे... तुम्हीच उपसता?"

मंडळी, दोन्हींची उत्तरं आज एकदाच देऊन टाकतो.

आमचं ठिकाण हिल्स क्रीक स्टेट पार्क. उत्तर पेनसिल्व्हेनियात, वेल्सबरो गावाजवळ. १३७ एकरांचं तळं आणि भोवती झाडी. रात्री नऊनंतर शांतता पाळायची असा नियम. तिथे बघायला विशेष काही नाही, हे मान्य! पण मुक्काम तिथे ठेवून पाइन क्रीकची प्रचंड घळ अर्ध्या-पाऊण तासात गाठता येते. कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय तासाभरावर, आणि दोन मैलांत १९ धबधबे असलेलं वॉटकिन्स ग्लेन त्याच्या थोडं पुढे. आरव्ही जागेवर उभी ठेवायची, सौ.ने मागून आणलेल्या कारने सकाळी निघायचं, संध्याकाळी तळ्यावर परत. रोज बॅगा भरणं नाही की चेक-आऊटची घाई नाही.

आता आपली नेहमीची पद्धत बघा. भारतातून आई-बाबा येतात. आपण त्यांना तीन दिवसांच्या बस टूरमध्ये बसवतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या आनंदात फोटो पाठवतो. मीही तेच केलं होतं. त्या टूरमध्ये हेच कॉर्निंगचं संग्रहालय होतं. वेळ मिळाला एक तास, त्यातला निम्मा दुकानात आणि रेस्टरूमच्या रांगेत गेला. बाबांना नंतर काय आठवत होतं? बसचा नंबर! चुकायला नको म्हणून पाठ केलेला.

पुढच्या खेपेला त्यांना हिल्स क्रीकला नेलं आणि तिथून पुन्हा कॉर्निंगला. पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ साली ओतलेली पहिली तबकडी तिथे ठेवली आहे. ओतताना साच्यातले कोर सुटून वर तरंगले आणि ती वाया गेली. बाबांची हयात कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत गेलेली. ते त्या तबकडीसमोरून हलेनात. आम्हालाही कुठे जायची घाई नव्हती.

रात्री तळ्याकाठी ते आपणहून बोलू लागले. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून असाच एक ओतीव वाया गेला होता आणि पगार कापला गेला होता. आई ताडकन म्हणाली, "म्हणजे पाकीट हरवलं म्हणाला होतात, ते खोटंच?" पन्नास वर्षांनी उघडं पडलेलं बिंग! आमची मुलं हसून लोळली. मग नातवाने विचारलं, "आजोबा, कोर म्हणजे काय?" आणि ओल्या वाळूत आजोबांनी साचा करून दाखवला. बस टूरमध्ये हे कुठल्या थांब्यावर बसवणार?

आता दुसरा प्रश्न. होय, आम्हीच उपसतो. हातमोजे घालायचे, नळी जोडायची, आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे नळीही धुऊन निघते. थोड्या वेळाचं काम. ज्याची घाण त्याने काढावी, यात कमीपणा कसला? आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या कुणाच्या गळ्यात घातलं होतं ते आठवलं, की हा खालच्या आवाजातला प्रश्न मला मुळीच निरागस वाटत नाही.

आरव्ही स्वस्त पडते असा माझा दावा नाही. भाडं आणि गॅस धरून ती हॉटेललाही मागे टाकू शकते. मग तंबू ठोका, केबिन घ्या. मुद्दा चाकांचा नाहीच, एका जागी थांबण्याचा आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीला म्हणूनच जाहीर विनंती. चार तासांची पॅव्हेलियनमधली पिकनिक एक वर्ष बाजूला ठेवा आणि दोन रात्री स्टेट पार्कमध्ये काढा. अट एकच, नऊच्या ठोक्याला स्पीकर बंद. पुढचे दोन तास आपल्याला एकमेकांशी बोलता येतं का, ते तरी कळेल!