एकसष्टच्या आधीचा कागद

मा. उपविभागीय अधिकारी (प्रांत) साहेब यांस,

गेल्या चौदा महिन्यांत आपल्या कचेरीच्या एकोणीस फेऱ्या, सेतू केंद्रामार्फत केलेले चार अर्ज, त्या चारांवर लागलेला ‘त्रुटी, परत’ असा एकच शेरा, आणि आपल्या नावे बारनिशीत दाखल केलेल्या पाच लेखी तक्रारी एवढे झाल्यावरही ज्याला एका ओळीचे उत्तर मिळालेले नाही, असा मी एक निवृत्त शाळामास्तर आहे. सहावी तक्रार मी कचेरीत देत नाही. ती येथे, चारचौघांत, देत आहे. प्रकरणाची हकीगत आपणांस अवगत आहे. कैकाडी समाजातील माझी एक विद्यार्थिनी बारावीला 81 टक्के गुण मिळवून परिचर्येच्या शिक्षणास पात्र ठरली आणि विमुक्त जातीचा दाखला नाही एवढ्या एका कारणाने गेल्या वर्षी घरी बसली. यंदाच्या प्रवेशाची मुदतही आता जवळ येऊन ठेपली आहे.

तिच्याजवळ कागद नाहीत असे नाही. तिचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यावर जात स्पष्ट लिहिलेली आहे. तिचे वडील दोन इयत्ता शिकले, त्या शाळेच्या 1981 सालच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा आहे, त्यावरही ‘हिंदू कैकाडी’ अशीच नोंद आहे. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीसपाटलाचा दाखला, गावातील दोन वृद्धांच्या जबान्या, शिधापत्रिका, आधार कार्ड, सर्व काही जोडलेले आहे. आपले अव्वल कारकून ही थप्पी दर वेळी चाळतात, आणि दर वेळी तेच सांगतात : “गुरुजी, एकसष्टच्या आधीचा कागद आणा, मग बघू.”

या एका वाक्यापुढे एकोणीस फेऱ्या व्यर्थ गेल्या. दर फेरीला बापलेकींचे एस.टी.चे भाडे 160 रुपये, म्हणजे आजवर 3,040 रुपये; आणि तुरीच्या काठ्यांच्या कणग्या व डालगी विणून ज्याचे पोट भरते त्या माणसाचे एकोणीस दिवस, ज्या दिवशी एकही कणगी विणली गेली नाही. प्रतिज्ञापत्र दोनदा करावे लागले, कारण पहिल्यात आजोबांचे नाव एका अक्षराने वेगळे पडले होते. झेरॉक्सांचा हिशेब मी ठेवलेला नाही.

एकसष्ट हे साल कोठून आले ते मला ठाऊक आहे. 21 नोव्हेंबर 1961 रोजी शासनाने 14 विमुक्त जाती आणि 28 भटक्या जमाती यांची यादी मान्य केली, आणि त्या तारखेस अर्जदाराचे कुटुंब या राज्यात होते व त्या जातीचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी 2000 च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम 8 ने अर्जदारावर टाकली. कायदा मी मानतो. परंतु 1961 पूर्वीचा पुरावा म्हणून आपली कचेरी जे जे मागते ते कोणाच्या घरी सापडते, याचा विचार कोणी केला आहे काय? महसुली उतारा मागाल तर त्याला जमीन हवी. या कुटुंबाच्या नावावर एक गुंठा कधी नव्हता. गाव नमुना 14 मधील जन्ममृत्यूची कोतवालाची नोंद मागाल तर त्याला गाव हवे. या मुलीच्या आजोबांचा जन्म गाढवांच्या तांड्याबरोबर चाललेल्या पालात झाला, आणि वेशीबाहेरच्या पालात मूल जन्मले म्हणून कोतवाल वही घेऊन धावत आल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. शाळेचा दाखला मागाल तर आजोबा शाळेत गेले नाहीत. त्यांना कोणी जाऊ दिले नाही. जमीन, गाव आणि शाळा या तीन गोष्टींपासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांच्याकडे त्या तीन गोष्टींतून निपजणारे कागद मागायचे, आणि ते नाहीत म्हणून त्यांच्या जातीविषयी संशय धरायचा, हा न्याय माझ्या बुद्धीला उमगत नाही.

आणि येथे मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते सांगतो. एकसष्टच्या आधीचा कागद या मुलीच्या आजोबांचाही निघाला होता. तो त्यांच्या घरी नाही, कारण तो त्यांच्यासाठी लिहिलेला नव्हता. तो सरकारने लिहिला आणि सरकारनेच ठेवला. गुन्हेगार जमातींचा जो कायदा 1871 साली उत्तर हिंदुस्थानात आला, 1911 साली देशभर लागू करण्याची सोय झाली आणि 1924 साली एकत्रित करण्यात आला, त्यान्वये जाहीर झालेल्या जमातींतील माणसांची नावनिशीवार नोंदवही ठेवली जाई. बोटांचे ठसे घेतले जात, ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, मुक्काम बदलला तर कळवावे लागे. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील केनेडी यांनी 1908 साली या जातींवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात कैकाड्यांचा पेहराव, त्यांची बोली, त्यांच्या हिंडण्याच्या वाटा यांचे वर्णन आहे. एवढ्या बारकाईने या राज्यातील कोणत्या सरदाराच्या वा सावकाराच्या घराण्याची नोंद झाली असेल असे मला वाटत नाही.

या मुलीचे आजोबा याच कायद्याखालच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाच्या आत, वाढले. त्यांची पत्नी आज हयात आहे. कुंपणाबाहेर कामाला जायचे तर पास घ्यावा लागे आणि रात्री हजेरीला माणूस नसला की घरातल्या बाईला जाब द्यावा लागे, हे ती माउली तारीखवार नाही पण शब्दन्‌शब्द सांगते. आपल्या कचेरीत तिची जबानी घेण्यास नकार मिळाला, कारण तोंडी सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. मग मी सेटलमेंटच्या नोंदवहीचा शोध घ्यावा म्हणून लेखी विनंती केली. ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही’ असे तीन महिन्यांनी तोंडी सांगण्यात आले. लेखी देण्यास नकार मिळाला. तो अभिलेख पोलीस खात्याकडे असेल, जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असेल, पुराभिलेखागारात असेल. तो कोठे शोधावा हे कणगी विणणाऱ्या माणसाने ठरवायचे काय? हजेरी घेताना त्याच्या बापाला दररोज शोधून काढणाऱ्या सरकारला आज त्याच बापाचे नाव आपल्याच दफ्तरात शोधता येऊ नये, आणि न सापडल्याची शिक्षा नातीने भोगावी!

खोट्या दाखल्यांचे भय आपण पुढे कराल. ते भय खरे आहे. खोटे दाखले काढून राखीव जागा बळकावणाऱ्यांनी याच मुलांच्या तोंडचा घास काढला आहे, आणि माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली पडताळणी समित्यांचा दंडक घालून दिला तो योग्यच होता. परंतु ज्याला खोटा दाखला काढावयाचा असतो तो कागद जमवूनच येतो. शिवाय आपण द्यावयाचा दाखला म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. पुढे पडताळणी समिती आहे, तिचे दक्षता पथक आहे, ते घरी येऊन चौकशी करील, चालीरीती विचारील, आजीचीही जबानी घेईल. जी चौकशी पुढच्या पायरीवर निश्चित होणार आहे, तिच्या दारापर्यंतसुद्धा या मुलीला जाऊ न देण्याचा अधिकार आपल्या कचेरीला कोणी दिला?

नाकारावयाचे असेल तर नाकारावे. त्याच अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे अर्ज फेटाळल्याच्या हुकुमाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. पण हुकूमच काढायचा नाही, चारही वेळा ‘त्रुटी’ म्हणून अर्ज परत करायचा, म्हणजे कागदोपत्री काहीच घडलेले नसते. दाखला दिला नाही असेही नाही आणि नाकारला असेही नाही. मुदत मोजायची तर कोठून, अपील करायचे तर कशाविरुद्ध? चौदा महिने आपल्या कचेरीने या मुलीला न्यायही दिला नाही आणि न्याय मागण्याचा मार्गही दिला नाही. हा केवळ विलंब आहे असे मी मानत नाही. हा अन्याय आहे, आणि आपल्या सहीच्या अधिकाराखाली घडलेला आहे. आपल्या उपविभागात या एकाच समाजाची अशी आणखी नऊ मुले मला ठाऊक आहेत. त्यांपैकी दोघांनी शाळा सोडून वीटभट्टी धरली.

मागणे थोडके आहे. सेटलमेंटच्या नोंदवह्यांचा शोध आपल्या कचेरीने संबंधित खात्यांशी पत्रव्यवहार करून घ्यावा, आणि त्याचा निष्कर्ष, जो असेल तो, लेखी द्यावा. दरम्यान तलाठी व मंडळ अधिकारी यांना पालावर पाठवून स्थळचौकशी करावी आणि आजीची जबानी नोंदवावी. तिचे वय पंचाऐंशीच्या पुढे आहे, आणि ती गेली म्हणजे 1961 पूर्वीचा एक साक्षीदार कायमचा जाईल. एवढे करूनही आपले समाधान होत नसेल, तर कारणे देऊन सहीशिक्क्यानिशी अर्ज फेटाळावा. तो कागद घेऊन आम्ही पुढे जाऊ.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ती मुलगी, तिचे वडील आणि मी पाचवा अर्ज घेऊन आपल्या कचेरीत येत आहोत. आजीलाही बरोबर आणीत आहोत. तिला जिना चढवत नाही; कृपा करून तिची जबानी खाली येऊन घ्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक