'ओन्ली' कुठे बसवाल?

मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली'. म्हणजे हे औषध फक्त बाहेरून, त्वचेवर लावायचं. पोटात घ्यायचं नाही. त्या 'नाही'चा सगळा भार शेवटच्या 'ओन्ली'वर आहे.

हा शब्द 'वन'पासून, म्हणजे 'एक'पासून तयार झाला. आपला 'एकुलता' आणि इंग्रजीतला 'ओन्ली चाइल्ड' हे असे एकाच कल्पनेतून आलेले. तिथे 'ओन्ली' विशेषण आहे. क्रियाविशेषण झाला, की त्याचा अर्थ होतो फक्त, केवळ, नुसतं. चेकवर रकमेपुढे आपण 'ओन्ली' लिहितो आणि मराठी पावतीवर 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त'. पुढे कुणी काही वाढवू नये, एवढ्यासाठीच.

खरी गंमत त्याच्या जागेत आहे. ही तीन वाक्यं पाहा.

ओन्ली मीना ईट्स फिश ऑन संडे : रविवारी फक्त मीनाच मासे खाते, घरातलं दुसरं कुणी नाही.

मीना ईट्स ओन्ली फिश ऑन संडे : रविवारी मीना मासेच खाते, दुसरं काही नाही.

मीना ईट्स फिश ओन्ली ऑन संडे : मीना रविवारीच मासे खाते, इतर दिवशी नाही.

मराठीतला 'च' शब्दाच्या पाठीला चिकटतो. इंग्रजीतला 'ओन्ली' बहुतेक वेळा ज्या शब्दाबद्दल बोलायचं त्याच्या पुढे चालतो. बोलताना इंग्रज माणूसही तो बिनधास्त क्रियापदाआधी टाकतो आणि आवाजाच्या जोरावर अर्थ सांभाळतो. मेसेजमध्ये आवाज नसतो. आजीच्या गोळ्यांबद्दल तुम्ही 'टेक ओन्ली वन टॅब्लेट ॲट नाइट' असं लिहिलंत, तर रात्री एकच गोळी घ्यायची, एवढं कळतं. दिवसा घ्यायची की नाही, याबद्दल वाक्य गप्प आहे. 'टेक वन टॅब्लेट ओन्ली ॲट नाइट' म्हटलं, तर गोळी रात्रीच घ्यायची, दिवसा नाही. अशा ठिकाणी मी तर सरळ दोन वाक्यं लिहीन.

आता आपला खास भारतीय 'ओन्ली'. 'ही इज देअर ओन्ली', 'आय टोल्ड यू यस्टरडे ओन्ली'. हा वेशांतर केलेला 'च' आहे : तो तिथेच आहे, मी कालच सांगितलं. हिंदीत 'ही', गुजरातीत 'ज', तमिळमध्ये 'तान' आहे, म्हणून देशभर हे इंग्रजी आपल्याला आपसांत छान कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण परदेशातल्या ग्राहकाला 'द फाइल इज विथ मी ओन्ली' असं कळवलंत, तर 'फाइल माझ्याकडेच आहे, काळजी नको' हा दिलासा त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. ती दुसऱ्या कुणाकडेच नाही, असं तो समजेल आणि उलट घाबरेल. तिथे 'आय हॅव द फाइल' पुरेसं आहे. 'तो तिथेच आहे' यासाठी 'ही इज राइट देअर' म्हणा.

काही जोड्यांमध्ये तर 'फक्त' हा अर्थ चालतच नाही. 'आय हॅव ओन्ली जस्ट ईटन' म्हणजे मी आत्ताच जेवलोय. 'आय वुड बी ओन्ली टू हॅपी टु हेल्प' यात नाराजी मुळीच नाही. मदत करायला मला अगदी मनापासून आवडेल, असा त्याचा अर्थ. 'इफ ओन्ली आय हॅड नोन!' हा हळहळीचा उद्गार : मला आधी कळलं असतं तर!

आणि माझी सर्वांत आवडती जोडी, 'ओन्ली टु'. 'ही रॅन टु द स्टेशन, ओन्ली टु फाइंड द ट्रेन गॉन.' इथे 'फक्त' घालून भाषांतर करायला गेलात, तर वाक्य अडखळतं. याला मराठीत अगदी नेमका जोडीदार आहे : तो धावत स्टेशनवर गेला, बघतो तर काय, गाडी गेलेली!