नाजूक त्वचेला कमी लावा

साबण लावला की चेहरा ओढल्यासारखा होतो, उन्हातून आलं की गाल लालबुंद होतात, नवं क्रीम लावलं की चुणचुणतं. ज्यांचं असं होतं, त्यांना माझी पहिली विनंती आहे: पुढचा महिनाभर चेहऱ्यासाठी काहीही नवीन आणू नका. उलट सध्या जे लावताय, त्यातलं बरंचसं बंद करा. सिरम, स्क्रब, टोनर, घरी कालवलेले लेप, सगळं बाजूला ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

महिना अशासाठी की त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात. हा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यात मृत पेशी असतात आणि त्यांना सांधणारा स्निग्ध अंश असतो. आतलं पाणी आत राखायचं आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवायचा, ही सगळी कामं तो करतो. सारवलेल्या अंगणावर रोज कोरडा खराटा घासला तर पोपडे निघणारच, आणि नाजूक चेहऱ्याचं बऱ्याचदा तेच झालेलं असतं. म्हणून आधी घासणं थांबवायचं.

माझी त्वचा लहानपणापासून अशीच आहे आणि माझा दिनक्रम फार छोटा आहे. सकाळी चेहऱ्याला फक्त पाणी. गीझरचं कडकडीत पाणी अंगावर घेतलं तरी चेहरा वेगळ्या, कोमट पाण्याने धुते. संध्याकाळी घरी आल्यावर एकदा सौम्य, बिनवासाचा, सोप-फ्री क्लेन्झर. आपल्या त्वचेचा पीएच साधारण 5च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. धुतल्यावर चेहरा 'कुरकुरीत स्वच्छ' वाटला तर खूश होऊ नका, वरचा स्निग्ध अंशही धुऊन गेलाय असा त्याचा अर्थ. पंचाने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं.

त्यासाठी महागाची बाटली लागत नाही. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, सुवास न घातलेलं कुठलंही साधं क्रीम चालतं. फार कोरडं पडलं असेल तर रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. 1872 साली अमेरिकेत पेटंट मिळालेली ही साधी वस्तू त्वचेतलं पाणी धरून ठेवण्यात अजूनही भल्याभल्या क्रीमना भारी पडते. मुरुमं येणाऱ्यांनी मात्र चेहऱ्याला खोबरेल तेल लावू नये, त्याने रंध्रं बुजतात.

दिवसा उन्हापासून जपायचं. झिंक ऑक्साइड असलेलं, एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन नाजूक त्वचेला सहसा सोसतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं घ्या, ठिपक्याठिपक्याने भागत नाही. तेही झोंबत असेल तर छत्री, टोपी, सुती ओढणी. नागपूरच्या मुली उन्हाळ्यात गाडीवर डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात बांधतात, ते अगदी बरोबर करतात. फक्त तो दुपट्टा रोज धुवा आणि पावडरचा अंश राहणार नाही इतका खळबळा.

एवढंच. यापलीकडचं बरंचसं हौसेचं आहे, आणि हौस चेहरा शांत झाल्यावर करता येते.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ते मायेने सांगितले जातात. लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. त्याचा रस फार तीव्र आम्ल असतो, शिवाय तो लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग मागे राहतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही नको. दिवाळीच्या उटण्याला माझा विरोध नाही, हातापायांना खुशाल लावा. आग होत असलेल्या चेहऱ्यावर मात्र ते चोळू नका.

पुरळ उठलं की आपण क्रीमला दोष देतो आणि रोजच्या वस्तू विसरतो. चिकट टिकलीच्या गोंदातल्या रसायनामुळे काही जणींच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा खाजरा चट्टा उठतो, पुढे तिथला रंग जाऊन पांढरा डागही पडू शकतो. खाज सुरू होताच टिकली बंद करा. केसांच्या काळ्या रंगात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. केस रंगवल्यावर पापण्या सुजल्या किंवा कपाळ, कान, मान खाजू लागली तर पुन्हा तो रंग लावू नका, पुढच्या वेळी त्रास जास्त होतो. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही हेच असू शकतं, खरी मेंदी तांबूस-तपकिरी रंगते.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. औषधाच्या दुकानात "चेहरा उजळायला काहीतरी द्या" म्हटलं की एक छोटी ट्यूब पुढे येते. खोक्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असतं. बरेचदा जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. पहिली तीन नावं स्टेरॉइडची. सुरुवातीला चेहरा खरंच नितळ दिसतो, म्हणून मैत्रीण मैत्रिणीला सांगते, जाऊ भावजयीला देते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, हनुवटीवर लव वाढते. ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. त्यातून सुटणं अवघड होऊन बसतं. गजकर्णावर असलं मिश्रण लावलं तर खाज थांबते आणि गजकर्ण आतल्या आत पसरत जातं.

ही औषधं वाईट नाहीत. योग्य आजारावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती मोठं काम करतात. म्हणूनच 2018मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. तरी ती मिळतात, आणि आपण मागतो. मागू नका. औषध दुकानदारांनाही हात जोडून विनंती, देऊ नका. जे कित्येक महिने लावत आहेत त्यांनी घाबरून एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना गाठावं, ते त्रास न वाढू देता सोडवतात.

ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी यातलं काहीच नाही, ती तर घरातही नको. गोरेपणाच्या अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो त्वचेतून शिरून मूत्रपिंडं बिघडवतो. 2023मध्ये केरळातल्या मलप्पुरममधून आणि आपल्या अकोल्यातूनही अशी प्रकरणं समोर आली. आयांनो, मावश्यांनो, मुलीला स्थळ बघायला येणार म्हणून तिच्या हातात असली डबी ठेवू नका. तिचा रंग हा काही आजार नाही.

महिन्यानंतर चेहरा निवला आणि काही नवं लावावंसं वाटलं, तर एका वेळी एकच वस्तू. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ, सात ते दहा दिवस लावून बघा. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नका, टी ट्री आणि लॅव्हेंडरच्या तेलांचीही ॲलर्जी होते.

महिनाभर इतकं साधं राहूनही लाली, खाज किंवा आग कमी झाली नाही, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. पाटीवर त्वचारोगातली एमडी किंवा डीडीव्हीएल ही पदवी आहे का ते पाहा. खासगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, साबणाचं वेष्टन, केसांच्या रंगाचं खोकं, टिकल्यांचं पाकीट एका पिशवीत घालून न्या. डोळे किंवा ओठ सुजले, पू झाला, ताप आला तर महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. श्वास लागला तर थेट तातडीच्या विभागात.