मनीची दिवाळी

दिवाळीला बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. म्हणून तीन वर्षांपूर्वी येलदरीला अक्काकडे निघालो, तेव्हा वाटेत जिंतूरच्या बाजारात गाडी थांबवून मी फटाक्यांची भली मोठी पिशवी घेतली. नातू बरोबर होता, त्याचे निमित्त. खरी हौस माझीच!

येलदरी हे परभणी जिल्ह्यातले पूर्णाकाठचे गाव. तिथले धरण १९६८ साली पुरे झाले. आमचे मेहुणे त्याच धरणावर नोकरीला होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातच लहानसे घर बांधले. ते गेल्यापासून त्या घरात दोघीच राहतात : अक्का आणि मनी. मनी हे मांजर. भाऊजींनी आपल्या शेवटच्या वर्षी पावसात भिजलेले एक पिल्लू सदऱ्याच्या खिशात घालून आणले होते, तीच ही. ती भाऊजींच्या आरामखुर्चीत झोपते आणि त्या खुर्चीत दुसऱ्या कोणी बसलेले अक्काला खपत नाही.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. धरणातून सोडलेल्या पाण्याचा घोंघावणारा आवाज रात्रंदिवस घरात येत होता. मनी मात्र खुशाल झोपलेली. मी विचारले, "अक्का, एवढ्या गर्जनेत हिला झोप कशी लागते?"

"सवय झाली तिला. मलाही."

यावरून मी असा सिद्धांत काढला, की जी धरणाला भीत नाही ती फटाक्याला काय भिणार? माझे बरेचसे सिद्धांत असेच असतात.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला अभ्यंगस्नान आटोपून मी अंगणात पहिला सुतळी बाँब लावला. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आवाजाचे फटाके उडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले आहे, हे मला ठाऊक होते. पण सणाच्या उत्साहात सुशिक्षित माणूस काय काय विसरतो, ते वाचकांना सांगायला नकोच. बाँब फुटला आणि मनी खुर्चीतून उडाली ती थेट धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली.

"पाहा, शोधली की नाही जागा? घेते निभावून," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण तिची भीती घालवावी म्हणून मी तिला ओढून बाहेर काढले. हातावर चार ओरखडे मिळाले. दिवसभर तिने दुधाला तोंड लावले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लक्ष्मी आत यावी म्हणून आपण दार उघडे ठेवतो. शेजारी माळ लागली आणि त्याच उघड्या दारातून मनी बाहेर गेली.

अक्का काहीच बोलली नाही. तिने पायरीवर दुधाची बशी ठेवली. मी बॅटरी घेऊन गावभर "मनी, मनी" करीत हिंडलो. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलेले एक शेजारी म्हणाले, "मामा, वरडू नका. भ्यालेलं मांजर हाकेला ओ देत नाही. लांब बी जात नाही. इथंच दोन-चार घरांत आसंल. गाव निजल्यावर अक्कांनाच हळू बोलावू द्या."

तिसऱ्या रात्री बाराच्या सुमारास अक्का दोन घरे पलीकडच्या कडब्याच्या गंजीपाशी दूधभाकरी घेऊन बसली आणि रोज बोलते तशी हलक्या आवाजात बोलत राहिली. अर्ध्या तासाने गंजीतून दोन डोळे चमकले.

मग त्या शेजाऱ्यांनी माझी शिकवणी घेतली. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. एकसारखा चालणारा आवाज त्याच्या अंगवळणी पडतो. अवचित फुटणारा पडत नाही. लपणे हाच त्याचा उपाय, म्हणून त्याला ओढून काढू नये. उलट आतल्या खोलीत खोका किंवा टोपली ठेवावी, वर जुने लुगडे टाकावे, तिथेच पाणी आणि मातीचे घमेले ठेवावे. अंधार पडण्यापूर्वी खायला घालावे, खिडक्या लावाव्यात, रेडिओ किंवा पंखा चालू ठेवावा. माणसांची झोपेची गोळी देऊ नये. काही औषधांनी अंग लुळे पडते, पण भीती तशीच राहते. फारच त्रास होत असेल तर सणाआधीच गुरांच्या डॉक्टरला विचारावे. सकाळी अंगणातली फटाक्यांची दारू झाडून काढावी, कारण ती पायाला लागते आणि मांजर पाय चाटते.

"कुत्रं केकाटतं, गाय दावं वढती," ते म्हणाले, "मांजर गप बसतं. म्हणून लोकांना वाटतं, त्याला काही होत नाही."

निघायच्या दिवशी अक्काने माझ्या हातावरच्या ओरखड्यांना हळद लावली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "बाळ, रागावू नकोस. हे गेल्यापासून मलाही तो आवाज सोसत नाही. छातीत धडधडतं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू किती हौसेनं आणले होतेस!"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या सणाची सुरुवात आपण वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने करतो, त्याच सणात घरातल्या दोन मुक्या जिवांना मी तीन दिवस छळले होते. आणि त्यांतला एक जीव माझी सख्खी बहीण होती.

त्यानंतरच्या दोन्ही दिवाळ्यांना माझ्या पिशवीत फुलबाज्या आणि आकाशकंदिलाचे कागद होते. नातू जरा हिरमुसला. पण कंदील करताना खळीने हात बरबटले तशी त्याची कळी खुलली. गावात फटाके वाजायचे ते वाजलेच. मनी कोठीमागे टोपलीत बसून होती. डोळे अजूनही मोठे होतात, कान अजूनही मागे जातात. अकराच्या सुमाराला ती बाहेर आली, रांगोळीवरून चालत गेली आणि भाऊजींच्या खुर्चीत जाऊन झोपली. मोडलेली रांगोळी पाहून अक्का हसली.

कालच तिचा फोन आला होता. "चकल्या मीच करते, तू फक्त लवकर ये. मनीची टोपली फाटली आहे, तेवढी नवी आण."

तेव्हा यंदा जिंतूरच्या बाजारात आमची गाडी बुरडाच्या दुकानापाशी थांबेल. आपल्याही घरात सणाच्या गडबडीत कोणी अगदी गप्प बसलेले असेल, तर पहिली वात पेटवण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे पाहा, एवढेच सांगतो. दिवाळी सर्वांना सुखाची जावो!