बुलेटचे वय मोजले, टायमिंगचे काय?

जुन्या वाहनांविषयीचे आपले धोरण गेल्या काही वर्षांत दोन टोकांना गेले आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहने चालविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली; तर केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व मोटारींसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम लागू केले. दोन्ही निर्णयांत कसोटी एकच, ती म्हणजे वाहनाचे वय. इंजिनाची प्रकृती मात्र वयाइतकीच देखभालीवर अवलंबून असते. जुन्या बुलेटचे टायमिंग कसे लावतात, हे पाहिले तरी याची खात्री पटते.

मद्रासमध्ये १९५५ पासून आकाराला आलेल्या बुलेटचे बिडाचे इंजिन २०१० च्या सुमारास इतिहासजमा झाले. त्यातील बहुतेक गाड्यांत ठिणगीचा क्षण ठरविण्याचे काम 'पॉइंट' करतात. ३५० सीसी इंजिनात पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलीमीटर असावी लागते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकापासून ०.८ मिलीमीटर खाली असतानाच पॉइंट उघडून ठिणगी पडली पाहिजे.

काम अवघड नाही. पण क्रम चुकवून चालत नाही. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाली की उशिरा. म्हणून आधी फिलर गेजने फट जुळवायची आणि मगच टायमिंगला हात घालायचा. त्यासाठी प्लग काढून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याची खात्री करतात व पिस्टन ठरलेल्या जागी आणतात. पॉइंटमध्ये सिगारेटच्या वेष्टनातील पातळ कागद धरून प्लेट हळूहळू फिरवायची. कागद अलगद सुटला, तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. तेथे स्क्रू आवळायचे.

टायमिंग फार पुढे गेले, तर किक उलटी बसते आणि चढावर इंजिन ठोके देते. मागे पडले, तर ओढ कमी होते, इंजिन तापते आणि पेट्रोल अधिक लागते. पॉइंटची फायबरची टाच झिजते, तसे टायमिंग आपोआप मागे सरकते. त्यामुळे ही तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते.

पीयूसी चाचणीत हे सारे दिसत नाही. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. ती उभ्या गाडीचे इंजिन संथ चालवून मोजतात आणि तो आकडा मुख्यतः कार्बोरेटरवर ठरतो. वेग वाढला की ठिणगी पुढे नेणारी वजने पॉइंटच्या मागे असतात. ती गंजून अडकली, तरी उभी गाडी चाचणीत उत्तीर्ण होते. रस्त्यावर मात्र तिचे इंधन उशिरा जळत राहते.

व्हिंटेज नियमांतही हा विचार नाही. दुचाकी मूळ स्वरूपात असावी, इंजिनात मोठे फेरफार नसावेत, ही अट रास्त आहे. २० हजार रुपये भरून १० वर्षांची 'व्हीए' नोंदणी मिळते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरातील १९८५ ची बुलेट या व्याख्येत २०३५ पर्यंत बसणारच नाही. तोवर १५ वर्षांनंतरची, दर पाच वर्षांची फेरनोंदणी एवढाच तिचा आधार.

खरी अडचण माणसांची आहे. नव्या गॅरेजमधील स्कॅनरला जुन्या बुलेटमध्ये जोडायला जागाच नसते. पॉइंट लावणारे मेकॅनिक वयस्कर होत चालले आहेत आणि नव्या मुलांच्या हाताखाली इंधन-इंजेक्शनच्या गाड्या येतात. परिणामी अनेक मालक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवितात. व्यवहार म्हणून ते चूक नाही. पण मूळ स्वरूप जपण्याचा नियम आणि ते जपणारा हात यांतील अंतर त्यातून वाढत जाते.

फेरनोंदणीच्या वेळी पॉइंटची फट आणि टायमिंग यांची नोंद मागितली, तर खर्च फारसा येणार नाही. त्या निमित्ताने मालकाला गाडी जाणत्या मेकॅनिककडे न्यावी लागेल आणि त्याच्याकडे शिकणाऱ्यालाही काम मिळेल. अन्यथा पन्नाशी गाठणाऱ्या गाड्यांना नवे क्रमांक मिळतील. त्या नीट चालविणारे कसब मात्र उरणार नाही.